सिंहलद्वीपातल्या लहान गावांनी धम्म कसा राखला?



आपल्या वस्तीतून श्रीलंकेच्या धम्मयात्रेला जे जे जाऊन आले, त्यांच्या घरी बसून आम्ही फोटोंचे अल्बम मोठ्या आवडीने पाहिले आहेत. अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष, मिहिंतलेच्या पायऱ्या, कँडीचा दंतधातू विहार. पाहून ऊर भरून येतो. पण यात्रेची बस कोलंबोहून दक्षिणेला समुद्राच्या कडेकडेनं गॉलकडे निघते, तेव्हा वाटेत पानदुरा, बलपिटिय, अंबलंगोड, हिक्कडुव, दोडंदूव अशी लहान लहान गावं लागतात. तिथं बस चहापुरती थांबते, नाहीतर थांबतसुद्धा नाही. आम्ही विचारलं, "त्या गावांत काय पाहिलंत?" उत्तर आलं, "काय पाहणार? नारळाची झाडं आणि समुद्र."

आम्ही स्वतः लंकेला गेलेलो नाही. गिरणीच्या पगारात तेवढी ऐपत झाली नाही. पण रात्रपाळी करून दुपारी वाचनालयात बसून जे वाचलं, त्यावरून आमची खात्री झाली आहे की आज आपण जो पंचशील ध्वज विहारावर लावतो, त्या ध्वजाची वाट याच नारळीच्या झाडांखालून आलेली आहे. शिवाय या गावांच्या इतिहासात आपल्यासाठी एक शाबासकी आहे आणि एक इशाराही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

देश केवढा, गावं कशी?

श्रीलंका हा सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटरचा देश. आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याएवढाही नाही. त्याचे ९ प्रांत आणि २५ जिल्हे. आम्ही बोलतो आहोत ती गावं नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या कळुतर आणि गॉल या दोन जिल्ह्यांतली. कोलंबो ते गॉल हे अंतर जेमतेम ११६ किलोमीटर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाड्या, नारळी, भातखाचरं आणि त्यामागे दालचिनीची रानं. ज्यांनी कोकण पाहिलं आहे त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही.

या दालचिनीनंच किनाऱ्याचं नशीब फिरवलं. १५०५ साली पोर्तुगीज आले. १६५८ पर्यंत सारा किनारा डच कंपनीच्या हातात गेला. १७९६ साली इंग्रज आले. डोंगरातलं कँडीचं राज्य तेवढं १८१५ पर्यंत टिकलं. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसानं तीनशे वर्षं परक्याचं ओझं वाहिलं. डचांच्या काळात चर्चच्या वहीत नाव नसेल तर लग्नाची नोंद व्हायची नाही, वारसाहक्काला अडचण यायची, सरकारी हुद्दा मिळायचा नाही. लोक दिवसा वहीत नाव घालून यायचे आणि घरी येऊन बुद्धाला फूल वाहायचे. वहीत एक आणि मनात एक. आपल्या माणसांना हे समजावून सांगायची गरज नाही.

विणकर होते, त्यांचे सालसोले झाले

दालचिनी सोलण्याचं काम ज्यांच्यावर लादलं गेलं तो समाज म्हणजे सालागम. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज दक्षिण भारतातून विणकर म्हणून लंकेत आणले गेले. त्यांना चालिय असंही म्हणत. आपल्याकडचा साळी आणि तिकडचा चालिय, शब्द कानाला किती जवळचे लागतात! पण तिथं त्यांचा माग सुटला आणि हातात सुरी आली.

दालचिनीचं काम आम्ही वाचून समजून घेतलं, कारण कामगाराला दुसऱ्याच्या कामाची ओढ असतेच. फांदी तोडायची, वरची खरबरीत साल खरवडून काढायची, पितळेच्या कांबीनं घासून आतली साल सैल करायची, मग सुरीनं चीर पाडून ती अखंड सोडवायची. एका नळीत दुसरी नळी भरून सावलीत वाळवायची. हात जरा चुकला की साल फाटली, माल गेला. डच कंपनीला ठरलेलं वजन द्यावंच लागायचं. कमी पडलं तर शिक्षा. ही वेठ होती. ती इंग्रजांच्या काळात १८३२ साली कायद्यानं बंद झाली.

सालागमांसारखेच किनाऱ्यावरचे कराव म्हणजे मच्छीमार आणि दुराव म्हणजे माडी काढणारे. या सगळ्यांच्या वरचढ समजली जाणारी जात गोविगम, म्हणजे शेतीवाडीवाली. भगवान बुद्धाच्या देशात जात कशी, असं आमच्या तरुण पोरांनी विचारलं. पोरांनो, प्रश्न बरोबर आहे. उत्तर कडू आहे.

चीवराला जात चिकटली

अठराव्या शतकात लंकेतली उपसंपदेची परंपरा खंडित झाली होती. अंगावर चीवर असलेले लोक होते, पण विनयाप्रमाणे उपसंपदा झालेले भिक्खू उरले नव्हते. तेव्हा वेलिविट सरणंकर या थोर पुरुषाच्या खटपटीनं आणि राजा कीर्ति श्री राजसिंह याच्या पाठिंब्यानं सयाम देशातून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, उपाली थेर आणि त्यांचे सोबती १७५३ साली कँडीला आले. गंमत अशी की जहाज डच कंपनीचं होतं! उपसंपदा पुन्हा सुरू झाली. या परंपरेला सयाम निकाय म्हणतात. हे काम फार मोठं झालं, यात शंका नाही.

पण काही वर्षांतच राजाज्ञा आली की उपसंपदा फक्त गोविगमांनाच, आणि तीसुद्धा कँडीतल्या मल्वत्त आणि अस्गिरिय या दोन विहारांतच. किनाऱ्यावरच्या सालागम, कराव, दुराव मुलानं श्रामणेर व्हावं, पाली पाठ करावी, विनय पाळावा, पण भिक्खू होऊ नये. कारण काय? जन्म!

तथागतांच्या संघात उपाली न्हावी होता. शाक्य राजकुमारांनी आपला ताठा उतरावा म्हणून त्याला आपल्या आधी प्रव्रज्या द्यायला सांगितलं, ही गोष्ट आपल्या धम्मवर्गातलं लहान मूलसुद्धा सांगेल. आणि सयामहून आलेल्या थेरांचं नावही उपालीच होतं! तरीसुद्धा दाराला कुलूप लागलं.

मादू गंगेवरची उपसंपदा

बलपिटियजवळ वेलितर नावाचं गाव आहे. तिथले अंबगहपिटिये ज्ञानविमल हे विद्वान श्रामणेर. त्यांनी अर्ज-विनंत्यांच्या मागे न लागता वेगळाच विचार केला. कँडी हीच काय ती धम्माची कचेरी आहे? १७९९ साली ते काही श्रामणेर आणि उपासकांना घेऊन जहाजात बसले आणि ब्रह्मदेशाला गेले. खर्चाचा भार त्यांच्याच समाजातल्या सधन गृहस्थांनी उचलला. ब्रह्मदेशाची राजधानी तेव्हा अमरपूर इथं होती, राजा होता बोदवपया. तिथं १८०० साली संघराजांच्या हस्ते त्यांची उपसंपदा झाली. ब्रह्मी संघानं त्यांची जात मधे आणली नाही.

१८०३ साली ते ब्रह्मी भिक्खूंना सोबत घेऊन परतले. आता गावात उपसंपदा द्यायची कुठं? त्यांनी विनयातला एक जुना नियम वापरला. नदीच्या पात्रातही सीमा ठरवता येते. मध्यम ताकदीच्या माणसानं पाणी उडवलं तर ते जिथवर पडेल तिथवर हद्द. त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला बलपिटियच्या मादू गंगेच्या पाण्यावर, त्या उदकसीमेत, पहिली उपसंपदा झाली. त्या परंपरेचं नाव अमरपुर निकाय.

बंधू-भगिनींनो, हे वाचताना आम्हाला महाडचं चवदार तळं आठवलं. तिथं १९२७ साली बाबासाहेबांनी पाणी प्यायले, इथं त्याआधी सव्वाशे वर्षं दालचिनी सोलणाऱ्यांच्या मुलांनी पाण्यावर उभं राहून चीवर घेतलं. दोन्हीकडे जमीन अडवली होती. पाण्यानं अडवलं नाही.

पानदुराचा वाद

याच बलपिटियच्या परिसरात १८२३ साली मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरांचा जन्म झाला. तेही अमरपुर निकायाचे. इंग्रजी राज्यात मिशनऱ्यांचे छापखाने आणि शाळा जोरात होत्या. बौद्धांची टिंगल करणारी पत्रकं गावोगाव वाटली जायची. गुणानंद थेरांनी १८६२ साली कोलंबोच्या कोटहेन भागात बौद्धांचा छापखाना चालू केला आणि पत्रकाला पत्रकानं उत्तर देऊ लागले. मग समोरासमोर वाद झाले. त्यातला सर्वांत गाजलेला पानदुरा इथला, २६ आणि २८ ऑगस्ट १८७३ चा.

पानदुरा हे कोलंबोपासून २५-३० किलोमीटरवरचं साधं गाव. तिथं गावोगावचे लोक हजारोंनी जमले. एका बाजूला वेस्लियन मिशनचे पाद्री डेव्हिड डी सिल्व्हा, दुसऱ्या बाजूला गुणानंद थेर. पाळीपाळीनं बोलायचं, वेळ ठरलेली. पाद्रीसाहेबांनी विचारलं की आत्माच नाही म्हणता, तर पुनर्जन्म कुणाचा? गुणानंदांनी त्याचं उत्तर दिलं आणि उलट सर्वज्ञ ईश्वराच्या कल्पनेवर प्रश्न विचारले. पाद्रीसाहेब संस्कृत-पालीनं जड झालेल्या भाषेत बोलत, गुणानंद थेर शेतकऱ्याला आणि कोळ्याला कळेल अशा सिंहलीत बोलत. सभा कुणी जिंकली हे लोकांच्या जयजयकारावरून कळलं. आणि एवढ्या गर्दीत दंगा झाला नाही, ही गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. वाद शब्दांनी करायचा असतो.

या वादाचा वृत्तांत इंग्रजीत छापला गेला आणि अमेरिकेत कर्नल ऑल्कॉट यांच्या हाती पडला. ते मॅडम ब्लाव्हट्स्की यांच्यासह मे १८८० मध्ये गॉलच्या बंदरात उतरले आणि २५ मे रोजी गॉलच्या विजयानंद विहारात दोघांनी पंचशील ग्रहण केलं. पाहा, एका लहान गावातली सभा कुठपर्यंत पोचली!

शाळा आणि ध्वज

पण भाषणानं पोट भरत नाही, पोरं शिकली पाहिजेत. ऑल्कॉट येण्याच्या कितीतरी आधी, १८६९ साली, दोडंदूव गावात पियरतन तिस्स थेरांनी बौद्ध मुलांसाठी शाळा काढली होती. मिशनच्या शाळेत गेलं तर धर्म सुटायचा, नाही गेलं तर शिक्षण सुटायचं, या पेचातून एका गावच्या भिक्खूनं वाट काढली. पुढे ऑल्कॉट यांच्या बौद्ध थिऑसॉफिकल सोसायटीनं बेटभर अशा शाळांचं जाळं विणलं.

१८८५ साली वैशाख पौर्णिमेची सुट्टी सरकारला पुन्हा द्यावी लागली, आणि त्याच वर्षी २८ एप्रिलला, वैशाख पौर्णिमेच्या दिवशी, गुणानंद थेरांच्या कोटहेनच्या विहारात निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी या रंगांचा बौद्ध ध्वज पहिल्यांदा फडकला. पुढे जागतिक बौद्ध परिषदेनं तोच स्वीकारला. आपल्या विहाराच्या गच्चीवर दर पौर्णिमेला पोरं जो ध्वज बांधतात, तो हाच.

मराठी माणसाचं नातं

हिक्कडुव गावात जन्मलेले श्री सुमंगल महास्थविर यांनी १८७३ साली कोलंबोत विद्योदय परिवेण काढलं. १९०२ साली गोव्यातल्या साखवाळचा एक तरुण, खिशात पैसा नसताना, बुद्धधर्म शिकायला तिथं पोचला. ते धर्मानंद कोसंबी. तिथं त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली, पाली शिकले आणि पुढे मराठीत बुद्धचरित्र सांगितलं. हिक्कडुवच्या एका मुलानं शाळा काढली नसती, तर आपल्या हातात ती मराठी पुस्तकं आली असती का?

परमपूज्य बाबासाहेब स्वतः मे १९५० मध्ये कोलंबोला गेले, कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला हजर राहिले. ते नुसते हात जोडायला गेले नव्हते. इथला धम्म जिवंत आहे की नुसता विधी उरला आहे, हे ते डोळ्यांत तेल घालून पाहत होते. त्याच वर्षी महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी लेख लिहिला आणि समाजाची सेवा न करणाऱ्या भिक्खूंबद्दल परखड लिहिलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांना त्रिशरण-पंचशील दिलं ते भदंत चंद्रमणी महास्थविरांनी, आणि ते मूळचे ब्रह्मदेशाचे! वेलितरच्या श्रामणेरांना ज्या देशानं जात न विचारता पदरात घेतलं, त्याच देशाच्या भिक्खूकडून आपल्यालाही धम्म मिळाला. इतिहासाचा हा धागा आम्हाला फार मोठा वाटतो.

आता कडू भाग

इथवर शाबासकी झाली. आता इशारा. तो लपवला तर आम्ही आमच्याशी खोटं बोलू.

जातीचं कुलूप तोडून जो अमरपुर निकाय उभा राहिला, त्याचं पुढे काय झालं? सालागमांचा गट वेगळा, करावांचा वेगळा, दुरावांचा वेगळा. एकाच निकायाच्या फांद्या फुटल्या आणि बऱ्याच फांद्या जातीच्या रेघेवर फुटल्या. कुलूप तोडणाऱ्यांनी आपापल्या खोलीला नवीन कुलूप लावलं! १८६४ साली रामञ्ञ निकाय निघाला, त्यानं सर्व जातींना दार उघडं ठेवलं. २०१९ साली अमरपुर आणि रामञ्ञ हे दोन निकाय एकत्र आले, ही आनंदाची गोष्ट. पण जोडायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. सयाम निकायाच्या मुख्य शाखांतून जातीची जुनी अट आजही पुरती गेलेली नाही.

किनारा सोडून डोंगरात नुवर एलिय, बदुल्ल या जिल्ह्यांत गेलं तर चहाचे मळे लागतात. तिथले मजूर इंग्रजांनी तमिळनाडूतून नेलेले, त्यांत अस्पृश्य जातींची माणसं फार. त्यांच्या घरांना लाईन म्हणतात. एका रांगेत दहा बाय बाराच्या खोल्या. चाळीत वाढलेल्याला आणखी काय सांगायचं? १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं या मजुरांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारानं ५,२५,००० माणसं भारतानं घ्यायची आणि ३,००,००० लंकेनं ठेवायची असं ठरलं. माणसांची ही वाटणी माणसांना न विचारता झाली. नागरिकत्वाचा प्रश्न कायद्यानं मिटायला २००३ साल उजाडलं. आणि १९८३ ते २००९ हे सिंहली-तमिळ युद्ध. त्या काळात काही चीवरधारींनी आगीत तेल ओतलं, हेही नोंदवलं पाहिजे. मैत्री आणि करुणा भाषा पाहून वाटायची नसते.

तरी याच किनाऱ्यानं दुसरंही दाखवलं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हिक्कडुवजवळ पेरेलियला आख्खी रेल्वेगाडी लाटेखाली गेली, हजाराहून जास्त माणसं मेली. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या कित्येक विहारांत बेघर माणसांना आसरा मिळाला. जात-धर्म विचारायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. आमचं म्हणणं एवढंच, की अशी सवड एरवी तरी कशाला काढावी?

आणि आपण?

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत गोड गोडच लिहावं असा रिवाज आहे. पण जुन्या माणसांना आठवत असेल. पत्र्याच्या शेडीतून पक्का विहार बांधायचं ठरलं तेव्हा वस्तीत वर्गणीची दोन पावती-पुस्तकं निघाली होती. एक घाटावरच्यांचं, एक कोकणातल्यांचं. एका वर्षी त्याच गल्लीतून जयंतीच्या दोन मिरवणुका निघाल्या. तीन पावसाळे स्लॅब पडला नाही, उघड्या सळ्या गंजत राहिल्या. त्यात आम्हीही होतो. एका पुस्तकाच्या पावत्या आमच्याच हातानं फाडलेल्या आहेत. नंतर पुस्तक एक झालं, स्लॅब पडला. पण आजही सोयरीक जुळवताना, "तुम्ही कोणत्या तालुक्याकडचे?" या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो, हे आपल्याला माहीत आहे.

बलपिटियच्या लोकांनी समुद्र ओलांडून दार उघडलं आणि नंतर घरातल्या घरात भिंती घातल्या. त्यांची हिंमत आपण घेऊ या. त्यांची चूक आपण करायला नको. आपला विहार कँडीएवढा भव्य नाही. नसू दे. मादू गंगेच्या पाण्यावर तर भिंतसुद्धा नव्हती, तरी तिथून इतिहास घडला. विहार मोठा होतो तो त्यात कुणाला यायला मोकळीक आहे यावरून.

म्हणून आमची विनंती. पुढच्या खेपेला जे यात्रेला जातील त्यांनी बसवाल्याला सांगून बलपिटियला पाच मिनिटं थांबावं. नदीत एक फूल सोडावं आणि ज्ञानविमल थेरांना आमचा जयभीम सांगावा. परत आल्यावर आपल्या मुला-मुलीच्या लग्नात पोटजात न विचारण्याचं वचन या विहारात येऊन द्यावं. ती यात्रा खरी सफल होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!